चाळीस मिनिटं

कीलुंग बंदरामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर
ओयांग मास्तरांकडे चार टेबलं आहेत
आणि एक बोलणारं घड्याळ.
मास्तरांना दिसत नाही.
पाठीवर तळवा ठेवून म्हणाले,
"डावा खांदा वर. बर्फाच्या पेट्या?"
"मासळीबाजार. एकवीस वर्षं."
"ते वासानंच कळलं होतं."

मी लिंबानं घासून आले होते हात,
कोपरापर्यंत.

चाळीस मिनिटांचे आठशे.
टेबलाच्या भोकात तोंड घालून हिशेब लावला:
वीस, चाळीस, साठ.
खाली मास्तरांच्या सपाता,
एकीचा पट्टा जाळ्याच्या निळ्या दोऱ्यानं शिवलेला.
"जोरात," मी म्हटलं. "अजून जोरात."
पैसे वसूल व्हायचे तर दुखायला नको?
दात आवळून पडले,
भाव पाडणाऱ्या गिऱ्हाइकासमोर बसते तशी.

मास्तर थांबले.
"तुम्ही माझ्याशी भांडताय.
मी ढकलतो, तुम्ही परत ढकलता.
दमणार दोघं, आणि पैसे तुम्हीच देणार."

मग उताणं व्हायला लावून
माझा उजवा हात मनगटाशी उचलला
आणि सोडून दिला.
पडल्याचा आवाज ऐकायला थांबले.

हात पडलाच नाही.
हवेतच राहिला,
आज्ञाधारक, खुळा,
उत्तर येत नसताना वर्गात वर केलेला.

"हा कोणी धरलाय?" मास्तरांनी विचारलं.

बाबांचं अर्धं अंग गेलं तेव्हा
तीन वर्षं मी त्यांना कुशीवर वळवायची.
बोटीवर नांगर ओढलेला माणूस.
कामात अंग चोरायचं नाही, हे त्यांचंच शिकवणं;
म्हणून उरलेल्या अर्ध्यानं मदत करायचे,
ताठ व्हायचे, पलंगाची कड धरायचे
आणि दुप्पट जड व्हायचे.
मी ओरडायची, "सोडा, बाबा!
चोरा अंग! वजन माझ्याकडे द्या!"

एकदाच दिलं.
चादर बदलताना डोकं माझ्या खांद्यावर टाकलं,
सगळंच्या सगळं.
मला वाटलं, गेले.
झोपले होते.

मास्तरांनी हात परत उचलला.
मी सोडायचा खूप प्रयत्न केला,
आणि प्रयत्नानं तो आणखीच ताठला.
मास्तर काही बोलले नाहीत. धरून राहिले.
आधी करंगळी सुटली. मग मनगट.
कोपर बराच वेळ अडून बसलं,
उधारी बुडालेल्या दुकानदारासारखं.
मग धप्प.

"हां," ते म्हणाले, "आता आलात."

घड्याळ म्हणालं, चार वाजून दहा मिनिटं.
पुढची मोजायची राहिली.

जिना उतरताना वाटलं काहीतरी चुकतंय.
उजव्या हातात नेहमी पिशवी असते.
वरच राहिली होती.
लगेच नाही गेले आणायला.
पहाटे दोनला पेट्या आहेतच.
थोडा वेळ तिथंच, मधल्या पायरीवर,
कठडासुद्धा न धरता.