एकशे दहा

चाक आधी पुढे गेलं.
मानोऱ्याच्या उतारावर नाजुकरावांनी पाहिलं,
आपल्याच जीपचं डावं चाक
आपल्यालाच ओव्हरटेक करून
धुरा ओलांडून तुरीत शिरलं.
मग जीप बसली, म्हैस बसते तशी, एका अंगावर.
आत बारा माणसं, एक शिलाई मशीन, गुळाची भेली.
कोणाला काही झालं नाही.
मशीनवाली बाई तेवढी म्हणाली,
"कोनं कसलं होतं बाप्पा हे चाक?"

मी कसलं होतं.
त्याच सकाळी, याच हातानं,
ज्याला शब्बीर उस्ताद म्हणायचे,
"याच्या हातात काटा हाये."
पान्यावर पाय देऊन शेवटचा रेटा,
वीस वर्षं तोच माझा मीटर.
दोन स्टड पिळून तुटलेले.
तीन नट ढिले पडून गेलेले.
एकाच चाकावर, एकाच माणसाचे.

सोमवारी एस्टीनं अकोला.
हकीमभाईंनी पेपर अंथरून तीन पाने मांडले.

एक सुईचा. लांब दांडी, खाली पट्टी.
स्वस्त, बिघडण्यासारखं त्यात काही नाही.
पण सुई वाचायला डोळा समोर पाहिजे,
आणि मी चाकापाशी उकिडवा, डोळ्यात घाम.
दुसरा बॅटरीचा. लाल दिवा लागतो, पिपाणी वाजते.
मी त्याच्याकडे पाहिलं,
मग माझ्या नखांकडे.
तिसऱ्याची मूठ फिरवून आकडा लावायचा,
आकडा भरला की टक्.

"आयकू येईन नं?"
त्यांना माहीत आहे,
माझा उजवा कान थ्रेशरनं कधीचाच नेला.
व्हाइसमध्ये बोल्ट धरला, म्हणाले, ओढ.
ओढलं.
ऐकू काही आलं नाही.
तळहातात मात्र
पिलानं अंड्याला आतून चोच मारावी
तेवढंच काहीतरी.
पुन्हा ओढलं. पुन्हा तेच.
मागं गिऱ्हाईक उभं होतं, तरी तिसऱ्यांदा.

तीनशे चाळीसपर्यंत जाणारा मोठाही होता.
जीव तिकडेच गेला.
"तुयं काम किती? नव्वद, एकशे दहा, एकशे वीस.
मंग ते मधात बसन असा घे.
टोकाले काटा खरा राह्यत नाही.
अन् प्लगले हा लावू नोको, त्याले लहान येगळा."
चाळीस ते दोनशे, अर्धा इंची चौक,
सोबत तपासणीचा कागद, खाली कोणाची तरी सही.
बत्तीसशे. शंभर त्यांनी सोडले,
त्यातच परतीचं तिकीट.

गॅरेजात पहिलं काम चोरून केलं.
प्रज्योतला चहाला पाठवलं,
आणि जुन्या पान्यानं पाच नट कसले,
मनापासून, पाय देऊन.
मग नवा चढवला, आकडा वाढवत गेलो
नट हलेपर्यंत.
पहिला पंचाहत्तर.
दुसरा एकशे साठ.
तिसरा नव्वदच्या आसपास.
चौथा बरोबर एकशे दहा.
त्याचंच जास्त वाईट वाटलं.
पाचवा मोजला नाही.

प्रज्योत चहा घेऊन आला.
"काका, पाय नाही द्याचा?"
"नाही. समोरासमोरचे धरजो, ओळीनं नाही.
टक् झालं का हात काढजो.
अजून एकडाव ओढू नोको, भरोशासाठीबी नाही.
अन् ह्यानं नट खोलशीन तर मार खाशीन."

नाजुकराव पन्नास किलोमीटर फिरवून आले.
पाचही नट पुन्हा पाहिले.
"कालच तं कसले," ते म्हणाले,
पण खाली उतरून बसले बघायला.
प्रज्योत टक् मोजत होता, मोठ्यानं,
माझ्या डाव्या कानाशी.

संध्याकाळी मूठ उलटी फिरवून
पाना चाळीसवर आणून ठेवतो.
स्प्रिंग रात्रभर ताणलेली राहिली
तर आकडा चुकायला लागतो, असं कागदावर आहे.
मग डब्यात, डब्यावर जुना स्वेटर.

जुना पाना अजून भिंतीवरच.
सोडवायला तोच लागतो.
गंजलेल्या नटाला पाय द्यावाच लागतो.