तारण

विल्नोच्या अकादमीत नाव घालताना
तीन गोष्टी न्याव्या लागतात :
लोकरीचे मोजे, बापाचं संमतिपत्र,
आणि जहागिरीतल्या माणसांची वही.

वही कशाला, ते मी विचारलं नाही.
सोळाव्या वर्षी मुलीने विचारायचे प्रश्न
आईने आधीच निवडून ठेवलेले असतात.

चारशे बारा नावं.
कारकुनाचं अक्षर टपोरं, कुठे खाडाखोड नाही.
मेलेल्यांवर फक्त एक बारीक आडवी रेघ.

पहिल्या सत्रात हंसाचं पीस.
टेबलापासून वीतभर वर.
प्राध्यापक म्हणाले, "वा, तेओफिला,
हात हलका आहे तुमचा."
मला हसूच आलं. घरी भरतकाम करताना
दर चौथ्या टाक्याला सुई माझ्या बोटात शिरायची.

मग पाण्याने भरलेलं घंगाळ. मग ओकची पेटी.
मग पितळी घंटा, वासराएवढी.
लॅटिन म्हणायचं, श्वास रोखायचा,
डावा तळवा वहीवर टेकवायचा.
वहीवरच का?
तसा रिवाज आहे.
बाबा म्हणत, तिन्ही सम्राट सीमेपलीकडे
दात विचकत थांबलेत ते याच विद्येला भिऊन,
नाहीतर आपल्या देशाचे कधीच तीन तुकडे झाले असते.
मला फार अभिमान वाटायचा.

शेगडी पेटवायला मोर्ता यायची.
आमच्याच गावची. वहीत दोनशे सातवी.
माझ्याबरोबर पाठवलेल्या सामानाच्या यादीत
उशा आणि चांदीचे चमचे यांच्या मधे.
त्या संध्याकाळी मी घंटेचा सराव करत होते
आणि ती दारात, सरपणाचा भारा घेऊन,
गुडघ्यात वाकली.
घंटा वर गेली. ती आणखी वाकली.
घंटा टेकवली.
ती उठली, घागरा झटकला,
विखुरलेल्या काटक्या वेचत म्हणाली,
"आज अभ्यास जोरात दिसतो बाईसाहेबांचा."

म्हणजे तिला ठाऊक होतं.
गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं.
चालता चालता पाय जड झाले
की ओझं उतरवून उभी राहायची माणसं,
"धाकटी शिकतेय," म्हणायची,
शिकून होईपर्यंत थांबायची.
गेल्या थंडीत एक म्हातारा, बाल्त्रूस,
गोठलेली नदी ओलांडताना मधेच खाली बसला
तो बसलाच.
तारीख मोर्ताने सांगितली नाही.
मी माझी दैनंदिनी काढली.
घंगाळाचा दिवस.

आणि सीमेवर? मग सीमेवर
इतकी वर्षं उभं कोण आहे?

वहीच्या शेवटी एक पान कोरं होतं.
त्यावर मी माझं नाव लिहिलं,
वेलबुट्टी नाही, वंशचिन्ह नाही,
कारकुनासारखं, टपोरं. चारशे तेरा.
पुढे तळवा तिथेच टेकवायचा असं ठरवलं.

परीक्षेला पेत्रोनेलाने झुंबर उचललं,
तिच्या बापाकडे नऊ हजार नावं आहेत.
टाळ्या. सरबत. परत टाळ्या.
मी मागितलं हंसाचं पीस.
वीतभर कुठलं, दोन बोटंही नाही.
खांद्यावर भिजलेलं पोतं पडावं तसं काही पडलं,
कानात रक्त वाजायला लागलं,
मी खुर्चीची पाठ धरली.
पीस मात्र होतं वर. थरथरत होतं,
पण होतं.
प्राध्यापकांनी चष्मा पुसला.
"हात जड झाला तुमचा."
हो, म्हटलं. झाला.

रात्री मोर्ता आली, भारा घेऊन, ताठ.
मी काही सांगितलं नाही.
तिनेही माझ्याकडे पाहिलं नाही,
शेगडीत फुंकर घातली, राख सारली.
भिंतीपलीकडे कुणाची तरी घंटा
छताला लागून वाजली.
आम्ही दोघी ऐकत राहिलो.
"दार लावा," ती म्हणाली, "गारठा आत येतो."

मंत्र येत होता मला दाराचा.
मी उठले, भिंतीला धरत धरत,
आणि लावलं.