चार सूत

डिलन गावात, धान्याच्या कोठारामागे,
वेंडेल सोरमच्या शेडमध्ये माझा पिकअप उभा आहे,
चार इंच उचललेला,
ओढा ओलांडताना बाईनं ओचे धरावेत तसा.
आधीच्या मालकानं गाडी उचलली
आणि मागचे शॉक तेच ठेवले, आखूड.
खळगा आला की धुरा खाली सुटायचा,
शॉक त्याला हिसडा देऊन मागे ओढायचे.
लशींच्या कुप्या फुटायच्या.

मार्चमध्ये हॉर्स प्रेअरीच्या वाटेवर एक शॉक बुडातून तुटला
आणि अडलेल्या गाईपाशी मी पाऊण तास उशिरा पोहोचले.
वासरू गेलं होतं. गाय उभी होती.
रँचवाला काही बोलला नाही.
बोलला असता तर बरं झालं असतं.

"चार इंच उचललाय, तर चार इंच लांब घेऊ?"
वेंडेल टोपी मागे सारतो.
लांब घे. मग गाडी दबली की तो मावेल कुठे?
रबराचा ठोकळा टेकायच्या आत शॉकच टेकेल,
वरचा कान उखडून हातात येईल.
आखूड घेऊन काय होतं ते तुला माहीत आहे.
मोजायचं, म्हणतो. तीनदा.

उभी गाडी : एकवीस इंच.
मग चौकट जॅकवर, चाकं अधांतरी,
धुरा मेलेल्या मेंढीसारखा लोंबतोय.
टेप माझ्या हातात. "सव्वीस इंच, चार सूत."
"चार काय?"
सूत. इंचाचा आठवा भाग.
आबा इचलकरंजीत यंत्रमाग दुरुस्त करायचे,
तिथे सूत मोजायचं सुतात,
आणि 'साधारण' म्हटलं की पान्हा खाली ठेवायचे.
वेंडेल पुटपुटून पाहतो : सूट, सूथ.
पेन्सिलीनं भिंतीवर लिहितो. आकडा बरोबर आहे.

आता दाबायचं.
मागच्या हौद्यात वेंडेल, त्याची आर्लिस,
फीड स्टोअरची दोन धिप्पाड पोरं,
गुरांनी चाटायच्या मिठाचे बारा ठोकळे.
मी खाली, पाठीवर, टेप घेऊन.
सव्वा इंच. बस.
आर्लिस म्हणते, म्हणजे मी बारीक झाले तर!
सगळे हसतात, गाडी हलते,
माझ्या डोळ्यांत गंज पडतो.

शेवटी वेंडेल पाटे सोडवतो,
नुसता वरचा पाटा ठेवून जॅकनं धुरा वर ढकलतो,
रबर टेकेपर्यंत.
सतरा.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, आई म्हणायची.
इथे आधी पाय पूर्ण पसरायचे,
मग पोटाशी घ्यायचे,
आणि मग अंथरूण मागवायचं.

"दोन्हीकडे थोडं सोड," वेंडेल म्हणतो,
"अर्धा इंच. तुझे ते चार."
उघडा सत्तावीस, मिटलेला साडेसोळा.
कॅटलॉगमध्ये नेमका तो नाही.
जवळचा आहे, दोन सूत लांब उघडणारा.
आम्ही दोघं बराच वेळ त्या ओळीकडे बघतो.
आबांनी पान्हा खाली ठेवला असता का?
मिटलेला बरोबर आहे ना? मग घे.

गुरुवारी आले. दांड्यावर त्यानं एक प्लॅस्टिकची पट्टी आवळली,
कुठवर आत जातो ते कळावं म्हणून.

सतरा दिवस, बेचाळीस वासरं.
आज गाडीखाली जाऊन पाहिलं :
पट्टी वर सरकलेली,
तिच्यापुढे पाच सूत दांडा कोरा, चकचकीत,
अजून कशालाही न लागलेला.
अंगठ्यानं धूळ पुसते आहे तोवर फोन.
हॉर्स प्रेअरी.
तोच आवाज, दोनच शब्द :
"पाय आडवे."