पावणेदोन कट्टे

सोहारच्या दवाखान्यातून मेल आला तेव्हा
मी कुणाच्या तरी सातबाऱ्याची प्रिंट काढत होते.
टेकेश्वर कापगते, वय एकतीस,
बांधकामाच्या पराचीवरून पडला, डोक्याला मार,
चौथ्या दिवसापासून श्वास मशीनचा.
तिथल्या डॉक्टरचं शेवटचं वाक्य मराठीत आणायला
मला अर्धा तास लागला:
नेता येईल. लवकर न्या.

आमच्या सेवा केंद्रात दाखले निघतात
जातीचे, उत्पन्नाचे, रहिवासाचे.
माणूस समुद्रापल्याडून आणायचा अर्ज
कोणत्या खिडकीवर मिळतो
हे तालुक्यालाही माहीत नव्हतं.

रेंज फक्त बोडीच्या पाळीवर.
अंधार पडला की तिथं उभी राहायची मी.
वकिलातीतला एक मल्याळी माणूस,
दिल्लीची विमान कंपनी,
विम्याच्या ऑफिसातली एक दमलेली पोरगी,
तिघं एकाच कानात.
मागं कसला आवाज येतोय, ती विचारायची.
बेडकं, मॅडम. बांधीत पाणी आहे.
ती म्हणायची, लाइन खराब आहे, उद्या करा.

फॉर्म सतरा पानांचा.
ऑक्सिजन मिनिटाला किती लिटर,
नळी तोंडातून की गळ्यातून,
सोबत कोण, इंधनाला कुठं उतरायचं,
कोणत्या देशाच्या आभाळातून जायची परवानगी
किती वाजेपर्यंत चालते.
आभाळालाही धुरे असतात म्हणे,
मी अंतकलाबाईला सांगितलं.
तिनं कुंदा उपटता उपटता मान हलवली.
"असनच ना व. धुरा नसन तं पाणी कुठं थांबन?"

मग रकाना आला: वजन.
औषधाला लागतं, स्ट्रेचरला लागतं,
विमान लहान, किलोकिलोचा हिशेब.
"पावणेदोन कट्टे," ती म्हणाली, विचार न करता.
जायच्या आदल्या दिवशी धान खरेदीच्या काट्यावर
पोरांनी त्याला चढवलं होतं,
हमालानं आकडा ओरडला होता,
आणि ग्रेडरनं खोटीखोटी पावतीही फाडली होती:
माल टेकेश्वर, ओलावा नाही.
ती पावती तिच्या बटव्यात, सुपारीच्या खांडांसोबत.
मी सत्तर लिहिलं.
तिकडून दुरुस्त होऊन आलं एक्कावन्न.

एकोणीस किलो.
हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

विम्याचा होकार अकराव्या दिवशी,
वर शिक्का, वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक.
वाचून दाखवला.
"आवश्यक मंजे?"
म्हणजे लागतो. तो आपल्याला लागतो.
"एवढंच होतं तं मले इचारलं असतं.
पयल्याच दिवशी सांगतली असती मी."

नागपूरला उतरलं पहाटे तीन दहाला.
आम्ही फाटकाबाहेर,
साकोलीच्या जीपला टेकून, डबा तसाच थंड.
विमान काही दिसलं नाही.
नुसते दिवे, मग आवाज, मग बराच वेळ काहीच नाही,
आणि मग गाडीचं मागचं दार,
आत पिवळ्या पट्ट्यांनी बांधलेलं
पावणेदोन कट्ट्यातलं जे उरलं ते.

सोबतच्या नर्सच्या डोळ्यांत रात्रभराची वाळू.
तिनं यादी वाचली, हळू, सवयीनं:
रुग्ण एक. फाइल एक. पासपोर्ट.
चप्पल, डाव्या पायाची.
घड्याळ, चालू.
अंतकलाबाईनं अंगठा उठवला,
पदराला पुसला नाही,
तशीच शाई घेऊन त्याच्या पायाशी गेली
आणि त्याचा अंगठा धरून उभी राहिली,
लहान लेकरू गर्दीत सुटू नये म्हणून धरतात तशी.

मशीन त्याच्यासाठी श्वास मोजत होतं.
मनगटावर एक चाळीस वाजले होते,
तिकडचेच.
मी काटे पुढं करायला हात लावला
तर तिनं घड्याळ मुठीत झाकलं.

"राहू दे व.
उठन तं तोच करन."