घड्याळाचा खिसा

अमेरिका मी कमरेनं ओळखते.
बत्तीस, चौतीस, अडतीस.
मी कामाला लागले तेव्हा बेचाळीस क्वचित यायची,
आता गठ्ठ्यांनी येते.
माणसं बघितली नाहीत.

मापुत्सोए, लाइन सात.
माझ्याकडे मोठे खिसे नाहीत, मागचे दोन नाहीत,
उजव्या खिशाच्या पोटातला
तो चिमुकला तेवढा माझा.
पालेसा नवीन आहे, विचारते, यात काय ठेवतात गं तिकडे?
पूर्वी म्हणे घड्याळ ठेवायचे.
आणि आता?
आता काही नाही. तरी हवा असतो.
तासाला एकशे दहा.

आमच्या देशाला चारी बाजूंनी एकच शेजारी,
आणि आमच्या चुली पेटतात
समुद्रापलीकडच्या मतपेट्यांवर.
कुणाची म्हैस, कुणाला उठबैस.

मतदानाच्या आदल्या रात्री टॅक्सीत रेडिओ चालू होता.
ड्रायव्हर मोखेले तिकडच्या राज्यांची नावं घेत होता
मामाच्या गावाकडचे थांबे सांगावेत तशी.
एक आला तर जकात, म्हणाला,
दुसरा आला तर विसर.
मागच्या सीटवर
खाणीत फुप्फुसं ठेवून परत आलेले न्ताते लेकोआ
खोकला थांबेपर्यंत थांबले, मग म्हणाले,
"पिंजऱ्यातून खाली उतरताना
मालक कोण हे आम्ही कधी विचारलं नाही.
दोर कुणी तपासला, एवढंच विचारायचो."
नदीचा पूल येईपर्यंत कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत
मी पगाराच्या पावतीचा कोपरा फाडला.
नाव कुणाचंच लिहिलं नाही,
दोघांचंही स्पेलिंग मला येत नाही.
लिहिलं: लाइन सात. सत्तेचाळीस बाया.
आणि जागा उरली म्हणून
खाली माझं, दिनेओ.
घडी घालून एका चौतीसच्या खिशात सारली.

शेवटच्या टेबलावर सुई शोधणारं यंत्र असतं.
मोडक्या सुईचं टोक कापडात राहिलं तर किंचाळतं,
तिकडच्या कुणाच्या कातडीवर ओरखडा नको.
कागदाला ते काही म्हणालं नाही.

डर्बनपर्यंत ट्रक, पुढे जहाज,
सगळं मिळून सहा आठवडे.
म्हणजे माझं मत पोचेल तेव्हा
मोजणी संपलेली, झेंडे घडी करून ठेवलेले.
कुणी चौतीसचा माणूस दुकानातल्या आरशापुढे
पाठमोरा वळून बघेल, नीट बसतेय का.
बोट घालेल त्या खिशात?
नाही घालत कुणी.
पंधरा वर्षं शिवतेय, मला ठाऊक आहे.
पहिल्या धुण्यात लगदा होईल,
निळा.

निकालाच्या सकाळी
पीचच्या झाडाला हिरव्या गोट्या लागलेल्या,
गेटवर नेहमीची मका विकणारी,
नेहमीचं कुत्रं.
पालेसानं विचारलं, कोण आलं?
कुणीतरी सांगितलं. तिनं मान डोलावली,
जणू ओळखीचं नाव.
सुपरवायझर फोनवरून नजर न काढता म्हणाली,
आज बेचाळीस आधी काढा.

आम्ही बेचाळीस काढल्या.