दोरीच्या या टोकाला

माझ्या नावाचा अर्थ काय, आजोबा?
लुलवा विचारते. शाळेच्या वहीत
चार ओळी मोकळ्या सोडल्यात तिने.
मोती, म्हटलं.
ते तिला ठाऊक आहे.
पण मोती म्हणजे काय?

बाजारातला सराफ सांगतो :
चंद्राचा अंश. निर्मळ मन.
आभाळातून मान खाली घालून पडलेला थेंब,
शिंपल्याने झेललेला.
लिही, म्हटलं. अक्षर नीट काढ.

मी तर पाण्याखाली कधी उतरलोच नाही.
मुहर्रकच्या गलबतावर मी दोरी धरायचो.
दोरीच्या त्या टोकाला जुमआन :
पायात दगड, गळ्यात जाळी,
नाकावर कासवाच्या पाठीची चिमटी.
आमच्या नाकांपेक्षा मोती नेहमीच जड.
तो बुडायचा आणि मीही श्वास धरायचो,
कुणी शिकवलं नव्हतं.
दोरीला हिसका बसला की
दोघांचा सुटायचा.

तिथे समुद्राच्या तळाशी
गोड्या पाण्याचे झरे आहेत, लुलवा.
खाऱ्याच्या पोटात गोडं.
जुमआन कातडी पखाल घेऊन जायचा,
झऱ्याच्या तोंडाशी धरायचा, गाठ मारायचा,
आणि वर आम्ही प्यायचो,
नाखवा आधी, मी सगळ्यात शेवटी.
म्हातारे म्हणायचे, मोत्याला चढतं ते
हेच पाणी.

एका दुपारी मला डुलकी लागली.
केवढी? तू तुझं नाव लिहिशील, तेवढी.
दोरी हलली होती. तीनदा, म्हणतात.
मी ओढली तेव्हा
भिजल्या गोणीसारखी जड आली.
वर आला तो कानांतून रक्त,
मूठ मिटलेली.
नाखव्याने एकेक बोट उघडलं.
आत रेती.

रात्री खजुराचं ताट मध्ये होतं.
माझा हात पुढे जाईना.
जुमआनने तीन खजूर माझ्याकडे सरकवले,
बिया काढून.
दुपारबद्दल एक शब्द नाही,
ना तेव्हा, ना पुढे कधी.
मला वाटलं, आता हा दुसरा माणूस मागून घेणार.
मी मागितला असता.

चौथ्या पहाटे तो काठाशी आला,
एका कानाने कायमचा बहिरा.
दगडात पाय अडकवला.
गुंत्यातून आपली दोरी शोधली,
टोक झटकून
माझ्याच हातात दिलं,
आणि मी नीट धरलीय का
हे न बघताच
गेला.

चाळणीखाली सांडलेले मोती मी पुष्कळ पाहिले.
एकाचाही चेहरा आठवत नाही.
तळहातावर दोरीचा वळ आहे, हा इथे.
लुलवा त्यावरून बोट फिरवते.
हे चार ओळींत कसं मावणार, म्हणते.

सराफाचंच राहू दे, मी म्हणतो,
गुरुजींना ते आवडेल.

ती दप्तरात
खोडरबर शोधते आहे.