बत्तीस फुटांवर

यारीच्या पाळण्यात बसून उरकुडाजी खाली जातो,
खिशात तंबाखूची पुडी, कमरेला वात.
काठावर त्याची सुकेशनी
भूगोलाचं पुस्तक मांडीवर घेऊन मोठ्यानं पाठ करते:
किलाउआ, एटना, स्ट्रॉम्बोली, मेरापी.
मी कॉम्प्रेसरवाला. मशीन बंद केलं
की ही नावं विहिरीत पडतात
आणि तळातून जराशी जाड होऊन वर येतात.

"हे आत्ता चालू हायेत का?" खालून आवाज.
"हो बाबा. जागृत. आपल्या देशातही एक आहे,
अंदमानात. तिथं कुणी राहत नाही."
"अन् आपल्या इकडं?"

ती पान उलटते.
आपल्याकडे डोंगर नव्हता, त्याला तोंड नव्हतं.
जमीनच फाटली, वैशाखात काळी फाटते तशी;
वासराचा पाय अडकेल एवढी नाही,
अख्खे तालुके अडकतील एवढी,
आणि वाहत राहिली.
थांबली. वर माती धरली, काही उगवलंही असेल.
मग पुन्हा.

तिसाव्या फुटाला वीतभर लाल पट्टा लागला होता,
खाली-वर काळा दगड.
आम्ही त्याला गेरू म्हणायचो,
ड्रिल मऊ चालतं म्हणून खूश व्हायचो.
सुकेशनी म्हणते, ती भाजलेली माती आहे.
म्हणजे कुणीच नसताना पेटलेलं एक वावर.

फोडलेल्या दगडात पोकळी निघाली,
आत मिठासारखे पांढरे काटे.
तो तुकडा लेकीसाठी टोपलीत ठेवून
उरकुडाजी ओरडतो, "मंग आपला इझला कधी?"
"साडेसहा कोटी वर्षं झाली."

बराच वेळ काही नाही.
नुसता टोपलीचा दोर हलत राहतो.
मग:
"पोरी, इझला अन् फुटला नाही
ह्याच्यात फरक असते.
वात इझली म्हणून भोकाजवळ जाऊ नाही.
मी येकडाव गेल्तो."

सहा भोकं भरून तो वर येतो.
"बार हाय होऽऽ"
हाक नाल्यापर्यंत जाते, तिकडची शेरडं हलतात.
आम्ही निंबामागं पालथे.

एक. दोन.
तीन, चार.
पाच.

धूळ बसते. निंबोण्या पडायच्या थांबतात.
सुकेशनी पुस्तक मिटून, पानात बोट ठेवून
बापाकडे पाहते.
तो आपली बोटं पुन्हा मोजतो, आठच आहेत,
आणि चप्पल शोधत म्हणतो,
"निंघा घरी. उद्या पाहू."